मक्याच्या शेतात उगवलेला डोंगर

शेतात एखादी जागा अशी असते, की तिथं कितीही माती लोटा, दगडगोटे टाका, पुढच्या पावसाळ्यात ती आपली पुन्हा तोंड वासून तयार. आमच्या मळ्यात बांधाला लागून असाच एक खड्डा होता, आजोबा दरसाल त्यात दोन गाड्या मुरूम ओतायचे आणि दरसाल म्हणायचे, “ह्याचं पोट काही भरत नाही बुवा.” तो सगळा घुशींचा उद्योग होता, हे पुढं एकदा नांगराच्या फाळाला बीळ लागलं तेव्हा कळलं. पण असाच एक न भरणारा खड्डा तिकडं मेक्सिको देशात, मिचोआकान प्रांतात, दिओनिसिओ पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात होता. त्याच्याखाली घूस नव्हती, बरं का.

पुलिदो आणि त्याची बायको पाउला त्या खड्ड्यात वर्षानुवर्षं काडीकचरा टाकत आणि खड्डा तो गुमान गिळत असे. 1943चा फेब्रुवारी आला आणि आसपासच्या गावांतली जमीन हादरू लागली. आधी अधूनमधून, मग रोज, मग इतकी, की लोक धक्के मोजायचे थांबले. पण जमीन हलली म्हणून कुणब्याची मशागत थोडीच थांबते? 20 तारखेला पुलिदो बैल घेऊन रानात गेला. दुपारी चारच्या सुमाराला, गोळा केलेली काटकी पेटवावी म्हणून तो वळला, तर खड्ड्यातून एक लांबच लांब भेग आरपार गेलेली. पायाखाली गडगडाट झाला, आणि बघता बघता ती जमीन, जी त्यानं स्वतः नांगरली होती, तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली, चांगली पुरुषाहून उंच! भेगेतून राखाडी धूळ उसळू लागली, फुस्स फुस्स आवाज आणि गंधकाची घाण. पुलिदोनं देवाचा धावा केला, बायको, बैल, गडी सगळ्यांची आठवण त्याला एकदम झाली, आणि तो गावाकडं पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर शेतात टेकाड. आठवडा उलटला तेव्हा ते 100 मीटरच्या वर गेलं, आणि वर्षभरात झाला 336 मीटरचा डोंगर. आपण डोंगराला म्हातारा समजतो, कारण आपल्या आज्या-पणज्यांनीही तो तसाच पाहिलेला असतो. इथं मात्र पाळण्यातलं पोर रांगायला लागेस्तोवर डोंगर मोठा होऊन बसला. जवळच्या गावावरून त्याचं नाव पडलं पारिकुतिन. नऊ वर्षं तो धगधगला, 1952 साली गप्प झाला, तेव्हा मक्याच्या रानापासून शेंड्यापर्यंत 424 मीटर भरला. हेरार्दो मुरिय्यो नावाचा एक चित्रकार, जो स्वतःला डॉक्टर आत्ल म्हणवून घ्यायचा, त्यानं तिथंच मुक्काम ठोकून त्या डोंगराची चित्रामागून चित्रं काढली. डोंगराचं बाळपण चित्रात धरायचा योग कुणाच्या नशिबी येतो?

आता हे उसळतं तरी कशानं, ते सांगतो. जत्रेतली गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट बसलेली असते तोवर आतलं पाणी शहाण्यासारखं शांत असतं. अंगठ्यानं गोटी आत दाबली, की एवढे बुडबुडे आले कुठून म्हणून आपण बघत राहतो. ते आले कुठून नाहीत, पाण्यातच मुरलेले होते, वरच्या दाबानं गप्प होते. जमिनीखाली काही ठिकाणी खडक वितळून त्याचा शिलारस झालेला असतो, त्यात पाण्याची वाफ आणि कसकसले वायू असेच मुरलेले असतात. शिलारस वर चढतो, वरचं ओझं कमी होतं, आणि बुडबुडे सुटतात. ज्वालामुखीची सगळी करामत त्या बुडबुड्यात आहे.

पण सगळा शिलारस एका जातीचा नसतो. चुलीवर पातळ वरण उकळतं तेव्हा बुडबुडे येतात, फुटतात, कुणाला काही त्रास नाही. पण पिठलं रटरटायला लागलं की बाईमाणूस लांबूनच उलथनं धरतं, कारण दाट पिठल्यात वाफ अडकते आणि सुटते तेव्हा चटका देऊनच सुटते. शिलारसाचंही तसंच. त्यात सिलिका, म्हणजे आपल्या गारेचं द्रव्य, जितकं जास्त, तितका तो दाट आणि तितका दांडगा. अशा दाट रसातले बुडबुडे फुटतात तेव्हा खडकाच्या चिंध्या होतात. आपण त्यांना राख म्हणतो खरे, पण ती चुलीतली भुरभुरीत राख नव्हे. ती दगडाची आणि काचेची भुकटी असते. ती डोळ्यांत जाते, छातीत जाते, विमानाच्या इंजिनात वितळून इंजिन बंद पाडते, आणि पाण्यानं भिजली की छपरावर चुन्याच्या गिलाव्यासारखी जड होऊन बसते. ढगात तिचे कण एकमेकांवर घासून वीजही पैदा होते. पारिकुतिनला जी तीन माणसं गेली ती त्या विजेनं गेली.

म्हणजे लाव्हानं एकही नाही! लाव्हानं दोन गावं गिळली, त्यांतल्या सान हुआनच्या देवळाचा बुरूज तेवढा आजही काळ्या दगडातून वर डोकं काढून उभा आहे, पण लाव्हा सरकत होता गाभण म्हशीच्या चालीनं, तेव्हा लोकांनी आपली देवाची मूर्ती खांद्यावर घेतली आणि चालत जाऊन दुसरीकडं गाव वसवलं. चित्रात तांबडालाल लाव्हा दिसतो म्हणून त्याचं भय वाटतं. माणसं मारतं ते बहुतेक वेळा दुसरंच काही.

कोलंबिया देशात आर्मेरो नावाचं भरलं गाव होतं. ज्वालामुखी तिथून इतका लांब, नेवादो देल रुईस त्याचं नाव, की त्याच्या माथ्यावरचं बर्फ म्हणजे गावाला नुसती शोभा. 13 नोव्हेंबर 1985 रोजी रात्री नऊच्या पुढं तो फुटला. स्फोट म्हणाल तर काही फार मोठा नव्हे, पण तापल्या राखेनं माथ्यावरचं बर्फ वितळवलं, ते पाणी राख, माती, धोंडे, झाडं गोळा करत नदीच्या पात्रातून निघालं. ओल्या सिमेंटसारख्या अशा लोंढ्याला जावा बेटावरले लोक लहार म्हणतात, आणि तोच शब्द आता जगानं घेतलाय. अडीच तासांनी तो आर्मेरोत पोचला आणि तेवीस हजारांच्या आसपास माणसं झोपल्या जागी गाडली गेली. अडीच तास! उंचवटा चालत जाण्याजोगा होता. महिनाभर आधी धोक्याचा नकाशा काढून झाला होता, 1845 साली तिथूनच असा लोंढा गेल्याचं लिहून ठेवलेलं होतं, आणि त्या दिवशी दुपारी राख पडू लागली तेव्हा लोकांना घरात शांत राहा असं सांगितलं गेलं. मला ही गोष्ट सांगताना आजही घशात काहीतरी अडकतं.

ते ज्यांच्या जिवाला लागलं त्यांत मॉरिस आणि कातिया क्राफ्त हे फ्रान्सातलं जोडपं होतं. दोघांचा संसारच ज्वालामुखीच्या काठावरचा; कुठं डोंगर जागा झाला की कॅमेरे घेऊन निघायचे. नुसत्या शब्दानं माणूस हलत नाही, त्याला डोळ्यांनी दाखवलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं आणि लोंढा कसा येतो, तापल्या राखेचा ढग उतारावरून कसा धावत सुटतो, हे दाखवणारी फिल्म केली. 1991च्या उन्हाळ्यात फिलिपाइन्समधला पिनातुबो पाचशे वर्षांच्या झोपेतून कूस बदलू लागला, तेव्हा शास्त्रज्ञांनी तिथल्या लोकांना आणि अधिकाऱ्यांना ती फिल्म दाखवली. आधी ज्यांना पटत नव्हतं, ते बघून उठले, बायकापोरं आणि कोंबड्या-डुकरं घेऊन वाटेला लागले. 15 जूनला पिनातुबो फुटला तो त्या शतकातल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक. त्यातच वादळ आलं, भिजलेल्या राखेनं छपरं कोसळली, त्याखाली काही शे माणसं गेली. पण हजारो वाचली. क्राफ्त दांपत्याला ते कळलं नाही. बाराच दिवस आधी, 3 जूनला, जपानातल्या उन्झेनच्या उतारावर चित्रण करताना, ज्याची फिल्म ते लोकांना दाखवत होते त्याच तापल्या ढगानं दोघांना गाठलं.

वातीला जरा तेल घाला रे.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, आपल्याकडं असलं काही नाही ते बरं. नाही कसं? तुम्ही बसलाय कशावर? साडेसहा कोटी वर्षांमागं इथली जमीन मैलोन्‌मैल चिरत गेली, आणि त्या भेगांमधून शिलारस आला तो वरणासारखा पातळ, एकावर एक थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ना, पायऱ्या रचल्यासारख्या, ते हे थर. आज उरलंय तेवढंच पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. कळसूबाईचा माथा त्यातला, वेरूळचं कैलास लेणं कोरलं तो कातळ त्यातला, आणि कापसाची काळी माती म्हणजे त्याच कातळाचं झिजून झालेलं पीठ.

आमची विहीर खणताना वर मुरूम लागला, मग काळा पाषाण, मग मांजऱ्या खडक, ज्याला ठायी ठायी पांढरे ठिपके असतात. सुरुंग उडवला त्या संध्याकाळी वडर गड्यानं एक फुटका दगड माझ्या ओंजळीत ठेवला. बाहेरून ओबडधोबड, आतून पोकळ, आणि पोकळीला चहूबाजूंनी पांढऱ्या, सुयांसारख्या स्फटिकांचं अस्तर. मी तेव्हा सात वर्षांचा. पुढं शिकल्यावर कळलं, की ती पोकळी म्हणजे त्या उकळत्या रसातला एक बुडबुडा. वाफ केव्हाच निघून गेली, रस थिजला, आणि मग खडकात झिरपणाऱ्या पाण्यानं किती युगं लावून तिथं ते स्फटिक जमवले.

तो बघा कोनाड्यात आहे, पणतीच्या मागं. उतरवा, पण दोन्ही हातांनी धरा. टोकं फार नाजूक आहेत.