मायकोप्लाझ्मा : नाव बुरशीचे, जीव जिवाणूचा

तपासणीच्या अहवालात ‘मायकोप्लाझ्मा’ हा शब्द वाचून छातीत बुरशी झाल्याचा समज होणे स्वाभाविक आहे. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी व ‘प्लाझ्मा’ म्हणजे घडवलेली वस्तू. सेमिनरीत थोडेफार ग्रीक शिकलेल्या आम्हांलाही या शब्दाने प्रथम चकवलेच! वस्तुतः हा जिवाणू आहे. त्याच्या काही प्रजाती बुरशीसारख्या तंतुरूपाने वाढतात. नोकार व रू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८९८ साली गुरांच्या फुप्फुसरोगातून तो प्रथम वेगळा काढून वाढवला.

इतर बहुतेक जिवाणूंना असते तशी पेशीभित्तिका याला नसते, केवळ पातळ पटल असते. पेनिसिलिन, अमोक्सिसिलिन ही औषधे त्या भिंतीच्या बांधणीतच अडथळा आणतात. जेथे भिंतच नाही, तेथे ती काय करणार? म्हणूनच घरात उरलेल्या अमोक्सिसिलिनच्या गोळ्या घेऊन मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया हटत नाही. त्यावर डॉक्टर अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. अलीकडे अझिथ्रोमायसिनलाही तो कित्येकदा दाद देत नाही.

हा न्यूमोनिया बहुधा सौम्य असतो. रुग्ण हिंडताफिरता राहतो, खोकला मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. बाधा झाल्यावर लक्षणे दिसण्यास एक ते चार आठवडे लागतात. त्यामुळे घरातील एक जण बरा होतो न होतो, तोच दुसरा खोकू लागतो.