पत्रिकेवरचं उर्दू नाव

निकाहची तारीख ठरली की घरात पत्रिकेचा विषय निघतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आपल्या अनेक घरांत ती दोन लिप्यांत छापावी लागते. दादी-नानीसाठी उर्दू, मराठी शाळेत शिकलेली मुलं आणि शेजारीपाजारी यांच्यासाठी मराठी.

उर्दूचं ते झोकदार वळण म्हणजे नस्तालीक. चौदाव्या शतकाच्या सुमारास इराणात घडलेलं. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. एकच अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं. त्यामुळे खिळ्यांच्या छपाईला ते कधी जुमानलं नाही, आणि उर्दू वर्तमानपत्रं कातिब मंडळी हातानं लिहीत राहिली. १९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' हा फॉन्ट तयार केला. सुट्या अक्षरांऐवजी अक्षरांचे हजारो जोडगट त्यांनी लिहून काढले. फॉन्टला नाव दिलं ते वडील नूर अहमद यांचं. १९९४ मध्ये भारतात 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आलं आणि हे अक्षर साध्या छापखान्यातही पोचलं.

अडचण फॉन्टची नाही, तो हाताळणाऱ्याची आहे. उर्दू न येणारा डिझायनर मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो, तेव्हा कधी अक्षरं सुटी पडतात, कधी शब्द उलटे लागतात. नुक्ता हलला तर आणखी वाईट. 'खलील' आणि 'जलील' यांत फरक फक्त पहिल्या अक्षराच्या एका टिंबाचा: वर असेल तर ख, खाली असेल तर ज. नवऱ्या मुलाचं नावच बदललं, तर सोनेरी शाई काय कामाची?

उल्हासनगरात एक गंमत आहे. १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीचं हे नाव पडलं. सिंधीची जुनी लिपीही अरबी वळणाची, ५२ अक्षरांची. एखादे सिंधी बुजुर्ग आपली पत्रिका बऱ्यापैकी वाचतील. पण त्यांची छपाई नस्ख वळणाची आणि 'ट'सारखी अक्षरं वेगळी. त्यांच्यावर प्रूफ सोपवू नये.

माझ्या मते, नस्तालीक नवरा-नवरीच्या नावांना आणि दावतीच्या दोन ओळींना मोठ्या आकारात द्यावं. या अक्षराला वर-खाली मोकळी जागा लागते. दाटीत त्याचे नुक्ते एकमेकांत अडकतात. वेळ, हॉलचा पत्ता, स्टेशनपासूनची वाट साध्या मराठी अक्षरात ठेवावी. मराठीलाही वेलबुट्टीचा फॉन्ट लावायचा हट्ट मुलं करतात. तो नावापुरताच पुरवावा. आयत छापणं टाळलेलं बरं, पत्रिका शेवटी रद्दीत जाते.

छापायला देण्याआधी कागदावर प्रूफ मागावं. मोबाइलच्या पडद्यावर नुक्ते निसटतात. आणि ते प्रूफ घरात उर्दू वाचणारं जे माणूस असेल, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावं.