शत्रूच्या आरमाराची बातमी : अस्सल कागद आणि खरा आशय

हाती आलेला गुप्त कागद अस्सल असला की त्यातील आशयही खरा, असे सहसा गृहीत धरले जाते. स्पेनच्या आरमाराविषयी सोळाव्या शतकात इंग्लंडने मिळविलेल्या बातम्या या गृहीतकाची मर्यादा दाखवून देतात.

१५८६ च्या मार्चमध्ये स्पेनचा नौसेनानी मार्क्विस सांताक्रूझ याने राजा दुसरा फिलिप याला इंग्लंडवरील स्वारीचा आराखडा सादर केला. त्यात ५०० हून अधिक जहाजे व ९०,००० हून अधिक माणसे यांची मागणी होती. त्याची नक्कल एलिझाबेथ राणीचा सचिव फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याच्या हाती आली. कागद अस्सल होता. परंतु मागणी म्हणजे आरमार नव्हे. एवढा खर्च फिलिपला पेलणारा नव्हता. त्याने बेत बदलून पार्माच्या ड्यूकची फ्लँडर्समधील फौज या मोहिमेत गोवली. १५८८ च्या मे महिन्यात लिस्बनहून निघाली ती सुमारे १३० जहाजे. मूळ आकड्यावर विसंबणाऱ्याने शत्रूचे नाविक बळ जवळजवळ चौपट मानले असते.

याउलट अँथनी स्टँडन याचे उदाहरण आहे. हा परागंदा इंग्रज कॅथलिक फ्लॉरेन्समध्ये 'पोंपेओ पेल्लेग्रिनी' हे नाव धारण करून राहत असे. माद्रिदमधील तस्कनीचा वकील त्याचा स्नेही होता. शिवाय त्याने लिस्बनला धाडलेल्या एका फ्लेमिश माणसाचा भाऊ सांताक्रूझच्याच पदरी होता. आरमार यंदा निघणार नाही, असे स्टँडनने १५८७ च्या उन्हाळ्यात कळविले. बातमी त्रोटक होती, पण खरी ठरली. जहाजे सज्ज ठेवणे राणीच्या खजिन्याला जड जात असल्याने तिचे मोल मोठे होते.

१५८८ मध्ये तर आरमारातील जहाजे, माणसे व तोफा यांची यादी लिस्बनमध्ये उघडपणे छापली गेली आणि इतर भाषांतही उतरली. काल जे चोरून मिळवावे लागे, ते आज शत्रूवर धाक बसविण्यास उपयोगी पडू लागले. तथापि आरमार कोणत्या दिवशी येणार, हे त्या यादीतून कळणे शक्य नव्हते. जुलैत ते दृष्टीस पडले तेव्हा इंग्रजांची मुख्य जहाजे प्लिमथ बंदरातच होती. वर्दी आणली ती टेहळणीवरील एका लहान जहाजाने.

मागणीपत्र, खासगी पत्र आणि छापील यादी यांचा विषय एकच. परंतु लिहिणारा, अपेक्षित वाचक व हेतू प्रत्येक वेळी निराळा. म्हणूनच प्रत अस्सल ठरल्यानंतरही पाठचिकित्सेचे निम्मे काम शिल्लक राहते.