दोन वर्षांच्या मुलासाठी चहाची भातुकली निवडताना

मूल दीड वर्षाच्या आसपास आले की रिकामा पेला तोंडाला लावून पिण्याचे नाटक करू लागते. दोन वर्षांचे झाले की खोटा खाऊ खोट्या ताटलीत मांडते. अडीच वर्षांच्या सुमारास लाकडी ठोकळ्यालाच लाडू समजून बाहुलीला भरवते. घरातली मोठी माणसे हे बघून हसतात आणि विसरून जातात. पण बालरोगतज्ज्ञ या गोष्टी मुलाच्या वाढीच्या खुणा म्हणून पाहतात. कप रिकामा आहे हे माहीत असून त्यात चहा आहे असे मनात धरायचे, हे लहान काम नाही. 'चहा' हा शब्द उच्चारला की समोर नसलेला चहा मनात येतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे भातुकली हा वेळकाढूपणा नसून मुलाचा पहिला अभ्यास आहे, आणि तो मुलीला हवा तितकाच मुलालाही हवा. चहा करून दुसऱ्याला देणे हे बाईचे काम, अशी समजूत दोन वर्षांच्या मुलाच्या मनात नसते. ती आपण घालतो.

म्हणून भातुकली जरूर आणावी. प्रश्न कोणती आणावी हा आहे. भीमजयंतीला चौकात लागणाऱ्या गाड्यांवर, आठवडी बाजारात, रेल्वे स्टेशनाबाहेर पिशवीत भरलेले रंगीत सेट मिळतात. एका पिशवीत तीस-चाळीस नग असतात आणि स्वस्तही वाटतात. ते घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाकीची खेळणी मूल चुकून तोंडात घालते, पण कप तोंडाला लावणे हाच या खेळाचा नियम आहे. म्हणून चहाचा सेट खेळणे म्हणून निवडू नका, भांडे म्हणून निवडा. ज्या भांड्यातून आपण बाळाला पाणी पाजणार नाही, ते त्याच्या भातुकलीतही नको.

आकार कसा तपासावा

तीन वर्षांखालच्या मुलाची श्वासनलिका अरुंद असते आणि दाढा पुऱ्या आलेल्या नसतात. छोटी वस्तू घशात अडकली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत यासाठी एक ठरावीक नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तशी नळी घरी करता येते.

जाड कागदाची ११ सेंटिमीटर लांब आणि पावणेसहा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. लांबीची दोन्ही टोके एकमेकांवर १ सेंटिमीटर चढवून चिकटवा. जी नळी तयार होईल तिचे तोंड दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडेसे मोठे असेल. आता सेटमधला एकेक नग, न दाबता, आडवा-उभा करून त्यात घालून पाहा. जो नग पूर्ण आत मावला, तो तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. स्वस्त सेटमधले चमचे, झाकणे, साखरेचे खोटे खडे, इवल्या बशा यात हमखास सापडतात. गोल वस्तू अधिक धोक्याची, म्हणून चेंडूसारखी गोल वस्तू साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान नसावी.

यानंतर ओढून पाहा. किटलीची तोटी, कपाचा कान, झाकणावरची बोंडी आपल्या बोटांनी जोर लावून ओढा. निघाली तर तो तुकडाही त्याच नळीत मावेल. औषधाच्या बाटलीचे माप, शाम्पूचे टोपण, पेनाचे झाकण अशा वस्तू मूल कप म्हणून उचलते. त्याही अशाच तपासाव्यात.

डब्यावर '३ वर्षांवरील मुलांसाठी' असे छापलेले असते. आपले मूल हुशार आहे, त्याला दोन वर्षांतच जमेल, असे म्हणून आपण ते घेतो. पण तो आकडा बहुतेक वेळा हुशारीसाठी नसतो. आत छोटे तुकडे आहेत, असा त्याचा अर्थ असतो.

कशाचा बनलेला असावा

स्टीलचा छोटा सेट आपल्या घरांसाठी सर्वांत सोयीचा. तो फुटत नाही, त्यावर रंग नसतो, साबणाने घासता येतो आणि धाकट्या भावंडालाही पुरतो. घेताना कडेवरून बोट फिरवा. कड आत वळवलेली आणि गुळगुळीत असावी.

पत्र्याच्या आणि हलक्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कडा कापतात, पत्र्यावरचा रंगही उडतो. चिनी मातीच्या किंवा काचेच्या इवल्या कपबशा दिसायला सुंदर, पण फरशीवर पडल्या की त्यांचे धारदार तुकडे होतात. जुनी पितळी भातुकली आजीची आठवण म्हणून फळीवर ठेवावी. तिच्या जोडकामात शिसे असू शकते, म्हणून ती मुलाच्या तोंडी जाऊ देऊ नये.

प्लॅस्टिक घ्यायचे असेल तर तळाशी पाहा. त्रिकोणात ५ चा आकडा किंवा 'पीपी' अशी अक्षरे असतील तर ते डबे-बाटल्यांसाठी वापरले जाणारे कडक प्लॅस्टिक असते. त्रिकोणात ३ असेल तर ते पीव्हीसी. ते मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची रसायने घालतात आणि ती चोखताना लाळेबरोबर सुटू शकतात. ज्या सेटला उग्र वास येतो तो परत ठेवा. काळ्या किंवा मळकट रंगाच्या पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकमध्ये जुन्या इलेक्ट्रिक वस्तूंचा कचरा वितळवलेला असू शकतो, म्हणून तेही टाळा.

लाकडी सेट चांगला असतो. सावंतवाडीची आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. लाकडाला कुसळे नाहीत ना, रंग कशाचा आहे, हे विचारून घ्यावे. लाकडी कप पाण्यात भिजत ठेवू नये, फडक्याने पुसून वाळवावा.

रंगातले शिसे

गडद पिवळा, लाल, नारिंगी असे चमकदार रंग टिकाऊ व्हावेत म्हणून रंगात शिसे घालण्याची पद्धत जुनी आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घातली आहे. पण कुठे आणि कशाने रंगवले हे सुट्या खेळण्यांच्या बाबतीत कळायला मार्ग नसतो.

शिशाची सुरक्षित मात्रा अशी कुठलीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी जितके मोठ्या माणसाच्या अंगात मुरते, त्याच्या चार ते पाच पट मुलाच्या अंगात मुरते. ते मेंदूच्या वाढीला अडथळा करते. मूल शिकण्यात मागे पडते, चिडचिडे होते, त्याचे रक्त कमी होते. ताप येत नाही, पुरळ उठत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा झालेले मेंदूचे नुकसान पुरते भरून येत नाही. मुलाला चांगल्या शाळेत घालण्यासाठी आपण पोटाला चिमटा घेतो. ते शिक्षण ज्या मेंदूत उतरायचे, त्याचे रक्षण दोन वर्षांच्या वयातच करावे लागते.

दुकानात पांढरे ओले फडके रंगावर जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर तो सेट नको. रंग लागला नाही म्हणून शिसे नाहीच, असे मात्र समजू नये. म्हणून सोपा नियम हा की जो भाग ओठांना लागतो त्यावर रंग किंवा चित्र नसावे. घरात पोपडे सुटलेली जुनी रंगीत खेळणी असतील तर ती आजच काढून टाका.

आयएसआयची खूण

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खुणेच्या वर आयएस ९८७३ असा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर हे सरकारी अॅप घेऊन तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे का, कोणाचा आहे, हे दिसते. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणून कारागिराच्या लाकडी खेळण्यावर खूण नसली तर ते लगेच वाईट ठरत नाही. पण कारखान्यात बनलेल्या प्लॅस्टिकच्या सेटवर खूण नसेल तर तो घेऊ नका, आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगा. चार गिऱ्हाइकांनी विचारले की तो माल बदलतो.

गाणे वाजवणारी, दिवा लागणारी किटली या वयात नकोच. तिच्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून खोल भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला लावू नका. एक्स-रे असलेल्या रुग्णालयात लगेच न्या.

कपात काय भरायचे

खोट्या चहाच्या कपात पाणी भरायचे, तेही पिण्याचे स्वच्छ पाणी, कारण मूल ते पिणारच. बादलीतून किंवा पिंपातून त्याचे त्याला घेऊ देऊ नका. दोन-तीन इंच पाण्यातही तान्हे-रांगते मूल बुडू शकते. खेळ झाला की भांडी धुऊन पालथी घाला. ओट्यावर पडलेल्या कपातल्या चमचाभर पाण्यातही डेंग्यूचा डास अंडी घालतो.

खरा चहा मात्र त्या कपात ओतू नका. आपल्याकडे लाडाने दोन घोट चहा-बिस्कीट देण्याची सवय आहे. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, साखरेने भूक मरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. आणि ज्याच्या अंगात लोह कमी, त्याच्या अंगात शिसे अधिक मुरते. म्हणजे रंगीत कप आणि त्यात खरा चहा, हे दोन्ही मिळून एकाच मुलाचे दुहेरी नुकसान करतात.

दुसरा धोका भाजण्याचा. एका खोलीच्या घरात शेगडी खाली असते आणि चहाचे कप चटईवरच ठेवले जातात. मुलाला कप म्हणजे खेळ हे कळले की ते आपल्या गरम कपालाही हात घालते. म्हणून त्याची भांडी रंगाने किंवा आकाराने आपल्या कपांपेक्षा वेगळी असावीत. चहा करताना खेळ शेगडीपासून लांबच्या कोपऱ्यात मांडावा. मुलाला मांडीवर घेऊन चहा पिऊ नये. भाजलेच तर कपडा काढून २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. नंतर डॉक्टरांना दाखवा.

पैसे नसतील तर

विकतचा सेट नसला म्हणून मुलाचे काही अडत नाही. घरातल्या दोन वाट्या, एक स्टीलचा पेला, एक छोटा तांब्या आणि मोठा चमचा एवढ्यात भातुकली मांडता येते. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना बालविकासाच्या मार्गदर्शनात अशीच घरातली भांडी खेळायला द्यायला सांगतात. चाळीस नगांपेक्षा सहा नग बरे. मुलाला खेळ उमजतो आणि आपल्याला मोजून उचलता येतात. विहारात किंवा अंगणवाडीत खेळण्यांची पेटी असेल तर वर सांगितलेली कागदाची नळी तिथेही एकदा फिरवा.

भांड्यांपेक्षा मोलाचा आहे तो समोर बसणारा माणूस. बाबांनी, आजोबांनी, मामाने दहा मिनिटे मांडी घालून बसावे, "चहात साखर किती घातली?" असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. मूल बोलायला असेच शिकते.

घशात अडकले तर

मूल खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वेळ घालवू नका. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. वस्तू निघाली नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके द्या. आळीपाळीने हेच करत राहा. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर झटके देऊ नयेत. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब द्या. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. दरम्यान दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा.

हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे, कारण आई कामावर असताना बाळाजवळ आजी किंवा मोठी बहीण असते. आज संध्याकाळी कागदाची नळी करा, घरातली खेळणी जमिनीवर ओता आणि थोरल्या मुलांना सोबत घेऊन एकेक नग तपासा.