आडोशाची जागा

अंगणवाडीची इमारत कशी असावी हे समजून घ्यायचं तर ग्राम आरोग्य व पोषण दिवस गाठावा. त्या दिवशी एकाच खोलीवर सगळ्यांचा हक्क असतो. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर मी सकाळपासून बसले होते. सतरंजीवर मुलांची गाणी चालली होती, मागच्या भिंतीशी मदतनीस खिचडीला फोडणी देत होती. नर्सबाई लसींचा डबा घेऊन आल्या, तेव्हा टेबल मांडायला जागा उरली होती ती मुलांच्या समोरच. पहिल्या तान्ह्याला सुई टोचली, ते रडलं आणि सतरंजीवरची मुलंही भेदरून रडू लागली. दोघांनी तर चपला तिथेच टाकून घर गाठलं.

मग गरोदर बायकांची पाळी आली. रक्तदाब बसल्याबसल्या मोजून झाला, पण पोट तपासायचं तर आडवं व्हायला हवं. दोघींनी जुन्या साडीची टोकं धरली, तिसरी चटईवर निजली आणि नर्सबाई तिच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या. दारात पुरुष उभे होते. एक पहिलटकरीण त्या साडीकडे पाहत राहिली. "माझं राहू द्या, सिस्टर," म्हणाली आणि निघून गेली.

अंगणवाडीच्या नकाशाची खरी कसोटी इथे लागते. मनरेगाच्या निधीतून अंगणवाडी बांधण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत किमान ६०० चौरस फूट जागा, स्वयंपाकघर, कोठी, मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह, खेळायला मोकळी जागा, सगळं आहे. बसायची खोली मात्र मुलं आणि बायका मिळून एकच.

खोली एकच का, ते अंगणवाडीच्या सुरुवातीकडे पाहिलं की कळतं. याच डहाणू तालुक्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं; पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गाण्याला, मातीकामाला अंगण पुरतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली; मेळघाटातलं धारणी त्यांपैकी एक. तेव्हापासून अंगणवाडीकडे पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणीही आली. काम कितीतरी वाढलं, जागेचा विचार मात्र अंगणापाशीच थांबला.

वेगळी खोली परवडत नसली तरी पडवी परवडते. बाजूला सहा फूट रुंदीची पडवी काढावी आणि तिला बाहेरून स्वतंत्र पायरी द्यावी, म्हणजे सुई मुलांच्या नजरेआड राहील. पडवीचं एक टोक भिंतीने बंद करून आत विटांचा ओटा बांधावा: सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, नर्सबाईच्या कमरेइतका उंच. चढायला पायरी हवीच, आठव्या महिन्यातल्या बाईला पाय एवढा वर टाकवत नाही. खिडकी डोळ्यांच्या रेषेच्या वर असावी, पण मोठी. खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहायला दिवसाचा भरपूर उजेड लागतो. वजनकाट्यासाठी छतात कडी आधीच बसवावी, नाहीतर बाळाची झोळी दोघींनी धरलेल्या काठीला टांगली जाते. उरलेल्या पडवीत भिंतीलगत कट्टा असावा. पाठ टेकून बाळाला पाजायला तो उपयोगी पडतो. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ती पंगतही तिथेच बसू शकते.

पैशांचं काय? वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली रॅट-ट्रॅप बाँडची पद्धत इथे कामी येते. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात, मध्ये पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, शिवाय भिंत कमी तापते. गवंड्याला सुरुवातीला हे पटत नाही. स्वतः दोन थर रचले की त्याचा हात बसतो. वाचलेल्या विटांत ओटा आणि कट्टा निघतो. पावसाळा सरला की इथली कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पोटुशी असताना विटा थापणाऱ्या बाईला तेवढ्या विटांचा आडोसा मिळायलाच हवा.

स्वच्छतागृहाचाही विचार असाच व्हायला हवा. मुलांचं भांडं छोटं, ते गरोदर बाईच्या उपयोगाचं नाही. ती पाड्यावरून चालत आलेली असते आणि तिला वरचेवर जावं लागतं. म्हणून दोन भांडी हवीत, मध्ये भिंत, मोठ्या भांड्याच्या दाराला आतून कडी. आणि पाणी कुठून येणार, हे जोतं भरायच्या आधी ठरवावं. पाण्यावाचूनच्या स्वच्छतागृहात पुढे सरपण ठेवलं जातं.