विहिरीचं पाणी आणि झाडाचं पान

बोअरच्या पाण्याने बादलीला कुठे तांबूस डाग पडतात, कुठे काळपट. तांबूस डाग लोहाचा, काळा बहुधा मँगनीजचा. जमिनीखालच्या खडकाने दिलेली ही खबरच असते.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना किंचित आम्ल होतं. खाली तांबं-जस्ताचं खनिज असेल तर चहापत्तीतून उतरणाऱ्या पाण्यासारखं ते त्याचा अंश घेऊन उताराकडे निघतं. ओळीने विहिरी तपासल्या की प्रमाण कोणत्या दिशेने वाढतं ते कळतं. खनिज त्याच बाजूला शोधायचं.

झाडाची मुळं तेच पाणी खोलवरून ओढतात आणि धातू पानांत साठतो. ऑस्ट्रेलियात कालगुर्ली भागात निलगिरीच्या पानांत सोन्याचे सूक्ष्म कण सापडले. ते संशोधन 2013 साली प्रसिद्ध झालं. मुळांनी ते 30 मीटरहून खोलवरून आणले होते!

नागपूर जिल्ह्यात मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत, पुलर-परसोडी भागात तांब्याच्या खुणा मिळाल्या आहेत. पण बराच खडक मातीखाली झाकलेला. अशा ठिकाणी खोदाईआधी पानं-पाणी तपासणं मला फार मोलाचं वाटतं. खर्च कमी, जमिनीला इजा नाही.

मात्र पानं एकाच जातीच्या झाडांची, एकाच हंगामातली हवीत. पाण्याचा नमुना घेताना पाइपही पाहावा: जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पाण्यात जस्त सोडतो. आणि तांबं शोधायला संत्र्याच्या बागेत जाऊ नये: तिथे फवारलेल्या बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांब्याचंच संयुग असतं.