रस्सा, भाकरी आणि दुष्काळी मुलखाचा हिशेब

आठवडी बाजाराचा दिवस. दुपारी एकच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या खानावळीत बसायला जागा मिळणे अवघड असते. समोर मटणाचे मोजके तुकडे, ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू आणि वाटीभर काळसर, तर्रीदार रस्सा. मटण पुन्हा मागितले तर त्याचे पैसे पडतात. रस्सा मात्र बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढला जातो. साध्या वाटणाऱ्या या रिवाजातच या खानावळींचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

या मुलखात मांस म्हणजे प्रामुख्याने शेळीचे. ‘उस्मानाबादी’ ही शेळीची नामांकित जात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. शेळीची ओळख मात्र जुन्याच नावाने टिकून आहे. बहुतांशी काळ्या रंगाची, लोंबत्या कानांची ही शेळी उष्णता सोसते, बांधावरच्या पाल्यावर गुजराण करते आणि अनेकदा एका वेताला दोन करडे देते. पावसाने ओढ दिली की चाऱ्याअभावी गाय-बैल विकावे लागतात, शेळी मात्र तग धरते. १९७२ चा दुष्काळ असो वा २०१२-१३ चा, अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांना अडीअडचणीला विकता येईल असे धन म्हणजे दावणीची शेळी. तिला ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते उगाच नव्हे.

पण जे धन विकण्यासाठी पाळायचे, ते रोज खाणे परवडणारे नसते. मग थोडक्या मांसात अनेकांचे पोट कसे भरावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे रस्सा. प्रथम हाडांसह मटण हळद, मीठ, आले-लसूण घालून शिजवले जाते. मंद आचेवर हाडांतील आणि स्नायूंभोवतीच्या ऊतींतील कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन बनते आणि पाण्याला दाटपणा व चव येते. हेच अळणी पाणी पुढे रश्श्याचा पाया ठरते. भाजलेला कांदा, सुके खोबरे, दगडफूल आणि खडा मसाला यांच्या वाटणाने त्याला काळसर रंग चढतो. मराठवाड्यात यात ‘येसूर’ही घालतात. बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ रश्श्याला अंग देते. मांसाची चव धान्याच्या आधाराने लांबवण्याची ही युक्ती. त्यात भाकरी कुस्करली की जेवण पुरे होते.

गरिबीतून जन्मलेली ही युक्ती एकट्या मराठवाड्याची नाही. दक्षिण कोरियातील जेजू बेटावर डुकराची हाडे तासन्‌तास उकळून केलेल्या रश्श्यात गव्हाच्या शेवया घालून ‘गोगी गुक्सू’ वाढतात. लग्नकार्यात पाहुण्यांना देण्याचा हा पदार्थ. बुसान शहरातील रस्सा-भाताची प्रसिद्धी तर १९५०-५३ च्या कोरियन युद्धातील निर्वासितांशी जोडली जाते. प्राणी वेगळा, धान्य वेगळे, हिशेब तोच.

खानावळ या संस्थेलाही श्रमिकांचाच इतिहास आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. तालुक्याच्या गावांतील अनेक खानावळीही घरच्याच माणसांच्या कष्टांवर चालतात. भाकऱ्या थापणाऱ्या हातांची मजुरी ताटाच्या किमतीत क्वचितच धरली जाते. ताट स्वस्त राहण्याचे हेही एक कारण, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे नाही.

आज हा हिशेब डळमळू लागला आहे. उस्मानाबादी शेळीला जिल्ह्याबाहेरूनही मागणी असते. बकरी ईदच्या तोंडावर बोकडांचे भाव चढतात. पाळणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, पण खानावळीचे ताट त्याने महागते. ज्वारीची कितीतरी जमीन सोयाबीनने व्यापली आहे. परिणामी अनेक ठिकाणी मटणाची जागा ब्रॉयलर कोंबडीने आणि भाकरीची चपातीने घेतली. आषाढात गर्दी आणि श्रावणात शुकशुकाट, हे चक्र तर खानावळवाल्याला दरवर्षी सोसावेच लागते.

तरीही बाजाराच्या दिवशी चूल पेटते. शेळी विकायला आलेला शेतकरी आणि ती विकत घेणारा व्यापारी अनेकदा एकाच बाकावर जेवायला बसतात. दोघांच्याही वाटीत तोच रस्सा असतो, आणि वाढणारा दोघांनाही तेच विचारतो: ‘अजून वाढू का?’ हा प्रश्न जोवर फुकट विचारता येतो, तोवर खानावळ ही खानावळ आहे. त्याला दर लागला, की ती केवळ हॉटेल होईल.